चर्चपासून शाळा चालत पाच मिनिटांवर आहे

दर 3 जानेवारीला आमच्या मंडळीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे घेतलं, म्हणजे बघा आपल्या लोकांनी शिक्षणासाठी काय काय केलं! मीही तो पुढे ढकललाय. त्यात खोटं काही नाही. फरारबाई 1827 मध्ये मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. पण यंदा तो मेसेज पाठवताना बोट जरा थांबलं. आमच्या चर्चपासून जिल्हा परिषदेची शाळा चालत पाच मिनिटांवर आहे. गेल्या दहा वर्षांत मी तिथे किती वेळा गेलो? मतदानाला. बस्स.

आपली मुलं इंग्रजी मीडियमला जातात. जाऊ देत, त्यावर मी कोणाला बोलणार नाही, माझीही गेली. पण त्या शाळेत आज कोण बसतं? वीटभट्टीवरची, शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं. थोडं मागे जाऊन बघा, आपले आजे-पणजे हेच होते. मिशनच्या बोर्डिंगने त्यांना दोन वेळचं जेवण आणि पाटी दिली नसती, तर आज आपण ग्रुपवर मेसेज वाचायच्या लायकीचे नसतो. आता त्याच वस्तीतल्या पोरांना दोन शिक्षक मिळून पाच वर्ग शिकवतात, आणि त्यातला एक अर्धा वेळ कुठली तरी ऑनलाइन माहिती भरत असतो. 2023 मध्ये सरकारने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं, तेव्हा चौकातल्या चहावर चर्चा झाली. आमच्या कमिटीत एका शब्दानेही नाही.

आम्ही काहीच केलं नाही असंही नाही. केलं आणि घाण केली. मागे एका वर्षी दप्तरं वाटली. दप्तरावर मंडळीचं नाव, खाली वचन. पोरांना रांगेत उभं करून फोटो काढले, फेसबुकवर टाकले. चार दिवसांत कोणीतरी वर तक्रार केली की शाळेत धर्मांतर चाललंय. मुख्याध्यापकांना लेखी खुलासा द्यावा लागला. पुढे बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "भाऊ, दप्तरं चांगली होती. पण उत्तर मला द्यावं लागलं."

तक्रार करणाऱ्याचा राग मला आजही आहे. हवा कशी आहे ते आपण रोज बघतो. पण रात्री झोपताना स्वतःला विचारलं, ते वचन दप्तरावर कोणासाठी छापलं होतं? सात वर्षांच्या पोरीसाठी? तिला दप्तर हवं होतं, तिने काहीही छापलेलं घेतलं असतं. म्हणूनच ते छापायचं नव्हतं. संविधानाचं कलम 28 सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे कलम आपल्या विरोधात नाही. आपलं पोर उद्या त्या शाळेत बसलं तर त्यालाही तेच सांभाळणार आहे. "मग साक्ष कशी द्यायची?" असं आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. मत्तयच्या सहाव्या अध्यायात दानधर्माबद्दल काय लिहिलंय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून मी गप्प बसलो.

पुढच्या जूनला आम्ही रिकाम्या हाताने गेलो. बॅनर नाही, कॅमेरा नाही. विचारलं, सर, काय लागतं? मला वाटलं कॉम्प्युटर म्हणतील. म्हणाले, मुलांचं वाचून घ्यायला माणूस द्या. तिसरी-चौथीतली निम्मी पोरं अक्षर लावत वाचतात, एकेकाला जवळ घेऊन बसायला आम्हाला वेळ नाही. आणि मुलींच्या संडासात पाणी येत नाही.

पाण्याचं काम एका दिवसात झालं, आमच्यातलाच प्लंबर. वाचनाचं अवघड गेलं. पहिल्या महिन्यात आम्ही सहा जण उत्साहाने जायचो, दुसऱ्या महिन्यात दोघं उरलो: एक रिटायर बाई आणि मी. मंगळवार-शुक्रवार, एक तास, व्हरांड्यात, वर्गशिक्षकांच्या नजरेसमोर. कुठल्याही मुलाला एकट्याला बाजूला न्यायचं नाही, हा नियम बाईंनी पहिल्याच दिवशी घातला. दोघंही पुरतात, फक्त चुकवायचं नाही. आपण नाही गेलो तर पोरं गेटकडे बघत बसतात, हे मला एकदा दांडी मारल्यावर कळलं.

आपल्याकडे नर्स किती आहेत! सहावी-सातवीच्या मुलींशी पाळीबद्दल नीट बोलणारी बाई शाळेला हवीच असते. पेटी-तबला तर घरटी एक वाजवतो, 26 जानेवारीची गाणी बसवून द्यायला काय हरकत आहे? तहसीलमधून रिटायर झालेल्या भाऊंनी पालकांना जातीचा दाखला आणि स्कॉलरशिपचे फॉर्म भरून दिले तर ते दहा प्रवचनांच्या बरोबरीचं आहे. (पाळकसाहेब वाचत असतील तर माफ करा.) वाढदिवसाला हॉल घेण्याऐवजी शालेय पोषण आहारात स्नेहभोजन देता येतं, तशी सोय योजनेतच आहे. जेवण शाळेच्या ताईच शिजवतील, आपण फक्त सामान द्यायचं आणि भाषण करायचं नाही. सरकारचं विद्यांजली पोर्टलही आहे, पण मी म्हणेन आधी पायी जा.

आता खरी लाज वाटली ते सांगतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका. मी सरांना विचारलं, तुमच्या समितीत कोण आहे? त्यांनी नावं सांगितली. त्यातली एक आमच्याच मंडळीतली ताई निघाली. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते, भक्ती संपली की लगेच निघते, रोजंदारीवर जाते. दोन वर्षं ती समितीवर आहे. आम्ही दप्तरं वाटत होतो तेव्हाही होती. कोणी तिला विचारलं नाही की ताई, शाळेत काय चाललंय?

आता विचारलं. ती म्हणाली, दादा, दसरा झाला की आठ पोरं आई-बापासोबत तोडीला जातात, मार्चनंतर परत येतात ती सगळं विसरून. सरकारच्या हंगामी वसतिगृहासाठी ठराव समिती करू शकते, पोरं आजी-आजोबांकडे राहतील, पण म्हाताऱ्यांना दिसत नाही नीट, संध्याकाळी त्यांना कोण बसवणार? जेवण होईपर्यंत एक जागा पाहिजे, दिवा पाहिजे आणि एक माणूस पाहिजे.

आमचा हॉल सहा दिवस कुलूपबंद असतो. मी कमिटीसमोर विषय ठेवला. हॉलच्या लाइटबिलावर पाऊण तास चर्चा झाली आणि विषय पुढच्या बैठकीला ढकलला. ती बैठक येत्या रविवारी आहे, भक्तीनंतर. त्या ताईलाही बोलावलंय, आणि यावेळी ती पुढच्या खुर्चीवर बसणार आहे. मंडळीतल्या ज्यांना ज्यांना वाटतं की फरारबाई आपल्या होत्या, त्यांनी कृपया घाईने घरी जाऊ नये.