या वयात मेडल कशाला?

पोहायच्या शर्यती म्हणजे शाळा-कॉलेजच्या पोरांचं काम, चाळिशीतल्या बाईनं फार तर वजन कमी करायला पाण्यात उतरावं, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. तीच बाई "मला स्पर्धेत भाग घ्यायचाय" म्हणाली, की घरात हसू फुटतं. "आता या वयात मेडल कशाला?"

मैत्रिणींनो, मला विचाराल तर प्रश्न मेडलचा नाहीच. आमच्या गावच्या तलावावर दुपारी महिलांची बॅच असते. पाहुणे आले, बुडवली. पापड-कुरडया निघाल्या, महिनाभर दांडी. मुलांच्या परीक्षेत तर सुट्टी ठरलेलीच! मग "बायका येतच नाहीत" म्हणून ती वेळ दुसऱ्यांना द्यायची भाषा सुरू होते. पण जिनं स्पर्धेत नाव दिलंय, ती स्वयंपाक आटोपून वेळेवर हजर असते. तारीख ठरली की घरचेही तिची वेळ मानू लागतात. म्हणून स्पर्धा हवी.

मोठ्यांसाठी 'मास्टर्स' स्पर्धा असतात. त्यात २५ वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. ४५ वर्षांच्या बाईची गाठ ४५ ते ४९ वयाच्या बायकांशीच, कॉलेजकन्यांशी नव्हे! जपानच्या मिएको नागाओका ऐंशीनंतर गुडघ्याच्या दुखण्यापायी पोहू लागल्या. २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्या १५०० मीटर पोहल्या. सव्वा तास लागला, पण थांबल्या नाहीत.

अर्थात, गंभीरपणे म्हणजे जिवावर उदार होऊन नव्हे. आधी डॉक्टरांना दाखवा. वेगाआधी श्वास आणि हात मारण्याची पद्धत सुधारा, नाहीतर खांदा धरतो. आठवड्यातून तीन दिवस पुरे, पण ते चुकवू नका. पाण्याखाली श्वास कोंडायच्या पैजा मुळीच लावू नका, त्यात चांगल्या पोहणाऱ्याचीही शुद्ध हरपते. ५० मीटरला आज किती वेळ लागला, ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा बघा. शेजारणीपेक्षा मागे पडलात तरी चालेल.

आणि हो, फॉर्म भरायचा तर बॅचमधल्या चौघींनी मिळून भरा. एकटीला 'नको' म्हणणं घरच्यांना फार सोपं जातं!