अंगणाला गट्टू नको

नागपूरच्या हुडकेश्वर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवे लेआउट पडत आहेत आणि तिथे घर बांधून झालं की शेवटचं काम ठरलेलं असतं. उरलेली रेती-गिट्टी कंपाउंडच्या आत पसरायची, ठोकून सपाट करायची आणि वर सिमेंटचे गट्टू बसवायचे. गेटपासून मागच्या मोरीपर्यंत मातीचा मागमूस राहत नाही. मग चार सिमेंटच्या कुंड्या येतात आणि घराला ‘गार्डन’ झालं असं जाहीर होतं. या रिवाजाच्या बाजूने दिली जाणारी कारणं सगळीच पोकळ नाहीत. एक-दोन तर चांगली वजनदार आहेत. म्हणून त्यांना बगल न देता एकेकाला उत्तर दिलं पाहिजे. माझा पक्ष आधीच सांगतो. १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर दोन-तीनशे फूट माती उघडी ठेवणं, तिथे भाजीपाला लावणं, उन्हाळ्यात वाळवण घालणं आणि घरात हाताने काही ना काही घडवत राहणं याला लोक निवृत्तांची करमणूक समजतात. मी ती वस्तीची गरज समजतो.

सुरुवात आपल्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींपासून करू. ‘घरची भाजी पिकवा, बाजाराला रामराम ठोका’ असं सांगत ही मंडळी फिरतात आणि आधाराला श्री. अ. दाभोळकरांचं नाव घेतात. दाभोळकर मुळात गणिताचे. ‘प्रयोग परिवारा’तून त्यांनी दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब कसं जगेल याची मांडणी केली. पण दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आपला नेहमीचा प्लॉट दीड गुंठ्याहूनही कमी, आणि त्यातच घर उभं. उरलेल्या ३०० चौरस फुटांत, म्हणजे २८ चौरस मीटरमध्ये, दर चौरस मीटरला वर्षाकाठी चार किलो भाजी निघेल असं धरलं तर ११२ किलो होते. माणशी रोज ३०० ग्रॅम या दराने पाच जणांना वर्षाला सुमारे ५४७ किलो भाजी हवी. म्हणजे गरजेचा पाचवा हिस्सा भागतो, तोही सगळं सुरळीत झालं तर. दाभोळकरांचा हवाला द्यायचा आणि त्यांचंच गणित चुकवायचं, हे थांबलं पाहिजे. स्वावलंबनाचं आमिष दाखवून ज्याला वाफे घालायला लावले, तो पहिल्याच मे महिन्यात पाइप गुंडाळून ठेवतो आणि पुढच्या दिवाळीला गट्टूवाल्याला बोलावतो.

आता दुसऱ्या टोकाचे. त्यांचा आक्षेप हिशेबाचा. कळमन्याच्या बाजारातून रोज ताजी भाजी उतरते, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी कोपऱ्यावर मिळते; बियाणं, खत, हिरवी जाळी आणि स्वतःचा वेळ धरला तर घरचं वांगं बाजारापेक्षा महाग पडतं. पडत असेल. ११२ किलो भाजीच्या पैशात कोणाचा घराचा हप्ता फिटत नाही, हे मान्य. पण ही वही वांग्यापुरतीच का उघडायची? गट्टूंना खर्च येतो आणि त्यांचं उत्पन्न शून्य असतं, तेव्हा कोणी आकडेमोड करत नाही. अंगणात पाणी मुरेनासं होऊन बोअर आटली की ती आणखी खोल करायला पैसे जातात, त्याची नोंद कुठल्या रकान्यात होते?

असा प्रश्न आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात एका हिशेबनिसाने विचारून ठेवला आहे. जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबनीस झाले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले आणि १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचा कारभार सांभाळायला मगनवाडीत येऊन राहिले. तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकाच्या या लेखकाने साठ्यावर चालणारा व्यवहार आणि प्रवाहावर चालणारा व्यवहार असा भेद केला. उपसला की संपतो तो साठा. दरवर्षी नव्याने येतो तो प्रवाह. हुडकेश्वरच्या प्लॉटला हा भेद तंतोतंत लागू पडतो. बोअरचं पाणी साठा आहे, पाऊस प्रवाह आहे. अंगण बांधून काढणारा माणूस प्रवाह नालीत सोडून देतो आणि साठा उपसत राहतो. महाग काय पडतं, ते या वहीवरून ठरवावं.

तिसरा आक्षेप नागपूरच्या उन्हाचा. पारा ४५ च्या वर जातो, तिथे काय पिकणार आणि पाणी कुठून आणणार? हा आक्षेप घेणारा माणूस मे महिन्यात कूलरमध्ये बादल्यांमागून बादल्या ओततो, ते पाणी त्याला दिसत नाही. पण ते सोडा. उन्हाळ्यात पालक-मेथीचा हट्ट धरणंच मुळात चूक आहे. आपलं वेळापत्रक पावसाने ठरवून दिलेलं आहे. मृगाबरोबर दोडका, भेंडी, चवळी, कारलं. दसऱ्याच्या आसपास पालक, मेथी, मुळा, वांगी, वालाच्या शेंगा. आणि ऊन तापू लागलं की वाफे मोकळे. उन्हाळ्यात शेवगा, हेटा, लिंबू, कढीपत्ता एवढीच झाडं सांभाळायची आणि उघड्या जागेवर बाज टाकून वाळवण घालायचं. गव्हाच्या कुरड्या, मुगवड्या, कोहळ्याचे सांडगे, भरलेल्या मिरच्या, हिवाळ्यातच खुडून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, या सगळ्यांना जे कोरडं कडक ऊन लागतं ते आपल्याकडे फुकट आहे. कोकणातल्या दमट हवेत लोक त्यासाठी तरसतात. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, तेच आपलं तिसऱ्या हंगामाचं पीक आहे.

मातीबद्दलची तक्रार मात्र खरी. प्लॉट भरायला मुरूम टाकतात, वर बांधकामाचा मलबा पडतो. तिथे कुदळ मारली की ठिणगी उडते. खालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून चिकट होते. यावर उपाय आहे, पण तो एका रविवारचा नव्हे. घरातला ओला कचरा, वाळलेला पाला, थोडं शेणखत असा थर दरवर्षी पडत गेला तर दोन-तीन पावसाळ्यांत फावडं सहज शिरू लागतं. तोवर भोपळ्याचा, वालाचा वेल लावावा. तो मुरमातही एखादा खड्डा भरून दिला की पसरतो.

साप आणि डास हे दोन आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतात. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्याच्या व मलब्याच्या ढिगाऱ्यामागे. रोज हात फिरणाऱ्या वाफ्यापेक्षा शेजारचा रान माजलेला रिकामा प्लॉट त्याला अधिक सोयीचा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कूलरची टाकी, गच्चीवरचं टायर आणि कुंडीखालची बशी ही त्याची घरं. झिरपणारी माती त्याच्या काही कामाची नाही.

सगळ्यांत जड आक्षेप शेवटी घेतो, कारण त्यापुढे पुरुष लेखक सहसा गप्प होतात. परसबाग म्हणा, वाळवण म्हणा, गोधडी म्हणा, हे सगळं करायचं कोणी? बाईने. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, गाळा, पहाटे उठून चीक घोटा, ऊन चढायच्या आत सोऱ्याने कुरड्या घाला आणि दिवसभर पाखरं हाका. आधुनिक बाई यातून सुटली असताना तिला परत त्यातच लोटायचं, यात संस्कृती कसली? हा आक्षेप मला मान्य आहे. ज्या घरात हे काम एकटीवर पडणार असेल, तिथे कुरड्या विकतच आणाव्यात. पण यातून हातकाम वाईट ठरत नाही, कामाची वाटणी वाईट ठरते. पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग केला, तेव्हा जमीन खोदण्यापासून भाजी पिकवण्यापर्यंतची कामं आश्रमातल्या पुरुषांनी हातांनी केली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. तिच्यात हस्तोद्योग मुलग्यांच्याही शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला होता. आश्रम आणि हप्त्यांचं घर एक नव्हे, हे कळतं. तरी सोऱ्या फिरवायला मनगट लागतं आणि ते पुरुषालाही असतं, एवढं कळायला आश्रमात जावं लागत नाही.

खंडन झालं, आता मंडन. पहिली गोष्ट पाण्याची. नागपूरला वर्षाकाठी साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. ८०० चौरस फुटांच्या छतावर म्हणजे ७० हजार लिटरच्या वर पाणी येतं. ते नालीत जातं, नाली तुंबते आणि सिमेंटचे रस्ते घरांपेक्षा उंच झाल्यामुळे तेच पाणी पायरी चढून आत शिरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या, ते शहर विसरलेलं नाही. एका घराच्या अंगणाने पूर थांबत नाही. पण शंभर घरांच्या लेआउटमध्ये प्रत्येकाने ३०० फूट माती उघडी ठेवली, तर ३० हजार चौरस फूट होते. वीस प्लॉटांएवढं हे मैदान पाणी पिण्यासाठी मोकळं राहतं. छताचं पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडलं तर त्याच्या कितीतरी पट काम होतं. हुडकेश्वर-नरसाळा भाग महापालिकेत उशिरा आला. सगळ्या नाल्या बांधून होईपर्यंत पावसाळे थांबणार नाहीत.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. घरटी रोज एक किलो ओला कचरा धरला तर शंभर घरांचा रोज एक क्विंटल. तो गाडीत बसून भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो आणि तिथल्या रहिवाशांच्या नाकाशी कुजतो. ज्याच्याकडे माती आहे त्याला तो बाहेर पाठवायचं कारण नाही. आपली साल-देठं दुसऱ्याच्या वस्तीत कुजवून आपलं अंगण चकाचक ठेवणं याला मी स्वच्छता म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट हाताची. हातकामाच्या नावाखाली प्लॅस्टिकची फुलं आणि चमकी यांचे तयार संच आणून चिकटवतात, त्याचं समर्थन मी करत नाही. तो खरेदीचाच एक प्रकार आहे. ज्या कामात घरातलं जुनं साहित्य खपतं आणि वस्तू वापरात येते, ते हातकाम. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये ज्या शहरात सुरू झाली, त्या कापसाच्या शहरात आज पॉलिएस्टरची पांघरुणं अंगावर आहेत. सिंथेटिक साड्यांची गोधडी शिवायला घ्या. थर सरकतात, टाके ओढतात, घाम शोषत नाही. सूत आणि पॉलिएस्टर यांतला फरक जाहिरात सांगत नाही, सुई सांगते. तान्ह्या पोळ्याला लेकराच्या हातात लाकडी बैल देतो, त्याआधी एकदा अंगणातल्या चिकण मातीचा बैल त्याला करू द्या. त्याचं शिंग तुटेल. मग चितार ओळीतल्या मूर्तिकाराकडे किंवा बचतगटातल्या कुरड्या विकणाऱ्या बाईकडे घासाघीस करताना त्या लेकराची जीभ अडखळेल. प्रत्येकाने सगळं घरीच करावं असं मुळीच नाही. कारागिराची कमाई बंद पाडणारं हातकाम कोणाला हवं आहे? पण ज्याने एकदा माती मळली, त्याला दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कळते. बाजार ही गोष्ट शिकवत नाही.

तेव्हा घर बांधणाऱ्यांना सांगणं एवढंच. मिस्त्री गट्टूंचा अंदाज द्यायला येईल तेव्हा गाडीपुरती जागा त्याला द्या आणि मागची, बाजूची पट्टी सोडायला सांगा. आधीच गट्टू बसवले असतील तर भिंतीलगतच्या दोन ओळी उचला. ते काम दोन तासांचं आहे. छताचा पाइप नालीतून काढून शोषखड्ड्याकडे वळवा. पहिल्या वर्षी वाल आणि शेवगा, एवढ्यावर थांबा. लेआउटच्या मीटिंगमध्ये गेटचा रंग ठरवून झाला की हा विषयही काढा. आणि घरातल्या पुरुषांनो, येत्या मे महिन्यात सोऱ्या तुम्ही धरा.