फटफटी आणि तिचा सायलेन्सर

मोटारसायकल या वाहनास आमच्या लोकांनीं 'फटफटी' हें नांव दिलें तें तिच्या रूपावरून नव्हे, वेगावरून तर नव्हेच, केवळ आवाजावरून. तें कौतुकानें दिलें कीं कंटाळून दिलें, हें आतां सांगणें कठीण आहे. 'नांव ठेवणें' या शब्दांचे मराठींत दोन्ही अर्थ होतात. पुढें यंत्रें सुधारलीं, फटफट मंदावली आणि तें नांवहि मागें पडलें. परंतु अलीकडे कांहीं वर्षांपासून तें पुन्हां सार्थ करून दाखविण्याचा विडा आमच्या तरुणांनीं उचललेला दिसतो. कारखान्यानें बसवून दिलेला सायलेन्सर काढावयाचा आणि त्या जागीं बाजारांतील दुसरा, अधिक गर्जणारा, बसवावयाचा, हा तो उद्योग होय. बुलेट गाडीसाठीं 'पंजाब', 'इंदोरी', 'गोल्डस्टार' अशा नांवांनीं हे सायलेन्सर मिळतात, आणि त्यांची माहिती नववी-दहावीच्या मुलांस पाढ्यांहून अधिक बिनचूक असते. या विषयावर वडील मंडळी रागें भरतात आणि मुलें हंसतात. विचार मात्र कोणीच करीत नाहीं. म्हणून चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्राची बाजू पाहूं. एंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण जळतें, दट्ट्या खालीं ढकलला जातो, आणि धूर बाहेर सोडणारी झडप उघडतांच तप्त वायु मोठ्या दाबानें नळींत शिरतो. तो मोकळा सुटला तर प्रत्येक वेळीं लहानसा बार उडाल्यासारखा आवाज होईल. मिनिटास ४,००० फेरे घेणाऱ्या, एका सिलिंडरच्या, चार धावांच्या एंजिनांत असे बार मिनिटास २,०००, म्हणजे सेकंदास सुमारें ३३ होतात. बाराची उपमा आम्ही उगीच देत नाहीं. मोटारीच्या एंजिनाचा आवाज दाबणाऱ्या साधनाचें पेटंट अमेरिकेंतील रीव्ह्ज बंधूंनीं १८९७ सालीं घेतलें. आणि १९०९ सालीं हिरम पर्सी मॅक्झिम यांनीं बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट घेऊन पुढें त्याच धर्तीवर एंजिनांचेहि सायलेन्सर बनविले. यांचे वडील म्हणजे १८८४ सालीं मॅक्झिम तोफ काढणारे सर हिरम मॅक्झिम. पित्यानें जो आवाज जगांत सोडला तो आवरण्याचें काम पुत्राकडे आलें, असा हा मौजेचा योग आहे.

सायलेन्सरच्या पोटांत कप्पे असतात, भोकें पाडलेल्या नळ्या असतात, कोठें कोठें कांचेच्या लोकरीचा थर असतो. आवाजाची लाट एका कप्प्यांतून दुसऱ्यांत जातां जातां भिंतींवर आपटून परतते, मागून येणाऱ्या लाटेशीं झगडते आणि क्षीण होऊन बाहेर पडते. बाजारांतील पुष्कळ सायलेन्सरांत हें पोट जवळजवळ रिकामें असतें. बाहेरून चकाकी आणि आंत सरळ नळी, एवढाच तो माल.

आतां मुलांचा मुख्य दावा असा कीं, मूळ सायलेन्सरमुळें गाडीचा दम कोंडतो, आणि तो काढला कीं तिची शक्ति वाढते. हा दावा सर्वस्वी खोटा नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. वायु बाहेर जाण्यास जितका कमी अडथळा तितकें बरें, हें खरेंच. परंतु नळीचें काम वायु सोडण्यापुरतेंच नसतें. नळीच्या उघड्या तोंडाशीं पोंचलेली दाबाची लाट उलटून, विरळ होऊन मागें येते. ती झडप मिटण्याच्या अगदीं योग्य क्षणीं पोंचली तर सिलिंडरमध्यें उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणास जागा होते. तो क्षण नळीच्या लांबीवर आणि एंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. म्हणून नळी बदलली कीं एखाद्या वेगांत शक्ति थोडी वाढते, तर दुसऱ्या वेगांत घटते; आणि पुष्कळदां घटते ती नेमकी चौकांतून गाडी उचलतांना, जेथें रोजच्या स्वाराला ती हवी असते. शिवाय पेट्रोलचें प्रमाण नव्या नळीस जुळवून घ्यावें लागतें. जुन्या गाडींत कार्ब्युरेटरचें जेट बदलावें लागे. आजच्या गाडींत धुरांतील प्राणवायु मोजणारें साधन आणि संगणक यांची जुळणी असते, आणि ती कोपऱ्यावरच्या गॅरेजांत पान्यानें होत नाहीं.

शर्यतीच्या जगांत हें सर्व शास्त्रशुद्ध रीतीनें करतात. स्लोव्हेनियांतील इगोर अक्रापोविच हे स्वतः शर्यतींत धावणारे गृहस्थ. त्यांनीं १९९० सालीं काढलेल्या कारखान्याच्या टायटॅनियमच्या नळ्या आज जगभरच्या शर्यतींत दिसतात. तेथें प्रत्येक नळी यंत्रावर चढवून, शक्ति मोजून, मग पसंत होते. आमच्याकडे ३५० सी. सी. च्या, सुमारें २० अश्वशक्तीच्या गाडीला कांहीं हजार रुपयांची नळी लावून मुलगा म्हणतो, "गाडी आतां पळते." तुम्हीं मोजलें काय, असें विचारावें तर उत्तर नाहीं. कानाला जोर वाटला तो त्यानें चाकाचा जोर मानला. आमचें मत असें कीं, तो शक्ति विकत घेत नाहीं, आवाज विकत घेतो. आणि हें त्याला स्वतःला ठाऊक असतें.

कांहीं शौकिनांस नुसती गर्जना पुरत नाहीं, त्यांस फटाके हवे असतात. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हां उघडावयाची, म्हणजे न जळलेलें पेट्रोल तापलेल्या नळींत जाऊन तेथें पेट घेतें. या खेळाची किंमत धूर शुद्ध करणाऱ्या जाळीला द्यावी लागते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा लेप असतो, आणि तिच्यामुळें कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायु निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा' या नियमांत बसणाऱ्या गाड्यांत ही जाळी फार महत्त्वाची आहे. संपूर्ण नळीच बदलणारा मनुष्य ती भंगारांत टाकतो, आणि बहुधा नकळतच टाकतो.

पण आमचा खरा वाद धुराविषयीं नाहीं, शेजाऱ्याविषयीं आहे. नव्या मोटारसायकलीचा आवाज १७५ सी. सी. वरील एंजिनास ८० डेसिबेल आणि ८० ते १७५ सी. सी. च्या एंजिनास ७७ डेसिबेल यांहून अधिक नसावा, असा नियम आहे. गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटर अंतरावर ध्वनिग्राहक ठेवून तो मोजतात. पुण्यास वेताळ टेकडीवर १९६६ सालापासून असलेली वाहनसंशोधन-संस्था अशा कसोट्या घेते. डेसिबेलचें गणित मोठें फसवें आहे, तें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. ८० चे ९० झाले म्हणजे आवाज आठवा हिस्सा वाढला असें नव्हे; ध्वनीची शक्ति दसपट झाली, आणि १०० झाले तर शंभरपट. याउलट २००० सालच्या नियमांनीं राहत्या वस्तींत रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या सभोंवतीं १०० मीटर शांतता-क्षेत्र मानलें आहे. एक गाडी रात्रीं साडेअकरा वाजतां गल्लींतून जाते ती दहा-वीस सेकंदांत निघूनहि जाते. तेवढ्यांत मोठ्या प्रयासानें निजविलेलें तान्हें मूल जागें होतें, छातीच्या दुखण्याचा म्हातारा दचकून उठून बसतो, पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याची झोंप मोडते, आणि मार्चच्या परीक्षेसाठीं जागणाऱ्या मुलीचें वाचलेलें पान पुन्हां वाचावें लागतें. डोळे मिटतां येतात, कान मिटतां येत नाहींत. यांपैकीं कोणीहि त्या सायलेन्सरची मागणी केलेली नव्हती.

आवाज मोठा असला कीं लोक सावध होतात आणि अपघात टळतात, असेंहि एक समर्थन ऐकूं येतें. परंतु नळीचें तोंड मागें असतें आणि स्वाराला भीति असते ती बहुधा पुढून व बाजूनें. सावध करण्यासाठीं भोंगा आहे, दिवा आहे. आणि डोक्यावर शिरस्त्राण असेल तर अधिकच बरें. तें मात्र या शूर मंडळींच्या आरशाला टांगलेलें असतें!

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनें मांडून पोलीस त्यांवरून रोडरोलर फिरवितात, अशीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत वारंवार येतात. तीं पाहून बरें वाटतें हें खरें, तथापि त्यानें फारसें साधतें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या दुकानानें तो माल विकला, ज्या गॅरेजानें बसवून दिला, त्यांचें दार दुसऱ्या दिवशीं उघडेंच असतें, आणि चिरडलेल्याच्या जागीं नवा घेणारें गिऱ्हाईक त्यांना आयतेंच मिळतें. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमान्वयें, आवाज व धूर यांचे नियम मोडून गाडी चालविणाऱ्यास पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीहि होऊं शकतात. शिवाय परवाना तीन महिने रद्द राहतो. पालकांनीं २०१९ सालीं त्याच कायद्यांत घातलेलें कलम १९९-अ अवश्य पाहावें. अठरा वर्षांखालील मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी आहे. "मुलानें हट्ट धरला, काय करणार?" असें म्हणून गाडीची किल्ली हातीं देणाऱ्या वडिलांनीं हट्टाची ही किंमतहि हिशेबांत धरलेली बरी.

इतकें लिहूनहि आम्ही मुलांच्या यंत्रवेडाच्या विरुद्ध नाहीं. ज्या मुलाला नळींतून लाट कशी परतते हें जाणून घ्यावेंसें वाटतें तो मुलगा आम्हांस हवाच आहे. त्यानें मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीं मोकळ्या मैदानांत, साडेसात मीटरांवर उभें राहून, आपल्या भ्रमणध्वनीवरील मापकानें मूळ सायलेन्सर आणि बदललेला सायलेन्सर यांचे आवाज मोजावे व वहींत लिहावे. तें माप न्यायालयांत चालणार नाहीं, परंतु दोहोंतील फरक त्याला चांगला कळेल. आणि ज्यांना नळी बदलण्याखेरीज चैनच नाहीं त्यांना एक माहिती देऊन ठेवतों. युरोपांत असा बदली सायलेन्सर रस्त्यावर चालण्यास योग्य ठरला तर त्यावर वर्तुळांतील 'ई' अक्षर व मंजुरीचा क्रमांक कोरलेला असतो. आमच्या बाजारांतील खोक्यावर पुष्कळदां उलट मजकूर असतो, कीं हा माल केवळ शर्यतीसाठीं आहे. तो बारीक अक्षरांत असल्यामुळें दिसत नाहीं इतकेंच. पैसे मोजण्यापूर्वीं पालकांनीं खोकें उजेडांत धरून तो वाचावा, आणि हा सायलेन्सर रस्त्यावर कायदेशीर आहे असें पावतीवर लिहून देतां काय, एवढें दुकानदारास विचारून पाहावें.