शिष्यवृत्ती ही भीक नव्हे!

“बौद्ध झालो, मग मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी पूर्वीच्या जातीचा दाखला का काढावा?” उत्तनच्या नवदीक्षित कुटुंबात हा सवाल उठला तर नवल नाही. बंधुभगिनींनो, यातील स्वाभिमान रास्त आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

1944 साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1956 च्या धर्मांतरानंतर, आपण हिंदू राहिलो नाही या सबबीवर केंद्राने सवलती नाकारल्या. जणू दीक्षा घेताच दारिद्र्यही पळाले! 1960 साली महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलण्यास मात्र 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षांनी पदरात पडलेला हा हक्क संकोचापायी सोडणार काय?

तो दाखला म्हणजे जातीचा स्वीकार नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची ती सरकारी कबुली आहे. आपला धर्म बौद्धच!

दाखल्यांसाठी उत्तनहून खेपा घालताना रोज बुडतो, हे खरे. पण एक रोज वाचविण्यासाठी मुलीचे महाविद्यालय बुडवू नका. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा आणि ताठ मानेने अर्ज भरा. हक्क मागणारा याचक नसतो.