ठिगळाचं कूळ, नदीचं मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ऋषींचं मला ठाऊक नाही; पण नदीचं मूळ विचारू नये असं सांगणारा गृहस्थ कोल्हारचा नक्कीच नव्हता. आम्ही प्रवरेकाठची माणसं. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या डोंगरात, अडते भंडारदऱ्याला १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणात, आणि मग सावकाश आमच्या पुलाखालून जाते. वर काय चाललं आहे हे विचारल्याशिवाय खालच्या उसाचं गणित सुटत नाही. तेव्हा आज मी कूळ आणि मूळ दोन्ही विचारायला बसलो आहे, आणि तेही ठिगळांचं.

ही ठिगळं लुगड्याची नव्हेत, यंत्राची. तुमच्या भिंतीवरची इंटरनेटची डबी घ्या, किंवा दूध संकलन केंद्रावर फॅटचा आकडा दाखवून पावती फाडणारं यंत्र घ्या. त्याच्या पोटात एक चिमुकला संगणक असतो. त्यातलं सॉफ्टवेअर कुणा एकट्याचं नसतं. ते जगभरातून जमलेलं वऱ्हाड असतं. 'बिल्डरूट'सारखी एखादी व्यवस्था या वऱ्हाडातल्या प्रत्येकाचा मूळ मजकूर आणते, उलगडते, शिजवते आणि सगळ्यांना एका पंगतीला बसवते. मूळ मजकूर आपल्या यंत्राला जमत नसेल, तर त्यावर गिरगटायचं नसतं. वेगळी चिठ्ठी करायची: ही ओळ काढा, ही घाला. या चिठ्ठीला म्हणतात पॅच. ती आपोआप चिकटवणारा 'पॅच' नावाचा प्रोग्रॅम लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिला. शब्द मात्र त्याहून जुना. कागदी पट्टीला भोकं पाडून संगणकाला हुकूम देत, तेव्हा चुकलेल्या भोकावर खरोखरच कागद चिकटवत. म्हणजे अस्सल ठिगळ!

माझं भांडण ठिगळाशी नाही. ठिगळ हे कष्टाळू संसाराचं भूषण आहे. माझं भांडण बेवारशी ठिगळाशी आहे.

ती लावणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला 'तूर्त करून टाकू' पंथ. हे लोक चिठ्ठी करतच नाहीत. उलगडलेल्या मजकुरातच हात घालतात, यंत्र चालतं, चहा होतो. पुढे कुणीतरी 'मेक क्लीन' असा हुकूम सोडतो आणि तो सगळा फोल्डर झाडून निघतो. उधारीचा हिशेब अंगणातल्या रांगोळीत लिहावा आणि सकाळी सडा पडावा, तसं. एका कंपनीच्या दूधयंत्रात (नाव विचारू नका) दशांशाची एक खोड अशीच परस्पर दुरुस्त झाली होती. नवी आवृत्ती आली आणि दुरुस्ती गडप. शेजारचे अण्णा पावती घेऊन माझ्या दारात. "गाय तीच, पेंड तीच, मग फॅट ०.१ नं कशी उतरली हो?" आता त्यांना काय सांगू? तुमची फॅट झाडूबरोबर गेली? दुधाचा भाव फॅटवर ठरतो. आपल्याला जो दशांश वाटतो, तो अण्णांच्या घरी किराणा असतो.

दुसरा पंथ गाठोडेवाल्यांचा. हे चिठ्ठ्या करतात, पण नावं काय देतात? 'दुरुस्ती', 'दुरुस्ती-२', 'दुरुस्ती-फायनल-खरंच'. का केली, कुणी केली, याचा पत्ता नाही. चिठ्ठ्या ०००१, ०००२ अशा क्रमानं लागतात. जागा सापडावी म्हणून प्रत्येकीत आजूबाजूच्या, बहुधा तीन-तीन, ओळी खुणेला असतात. नव्या आवृत्तीत शेजारपाजार बदलला की चिठ्ठी 'रिजेक्ट' होऊन परत येते. मग प्रश्न पडतो: ही दुरुस्ती वरच्यांनी आधीच केली आहे, की आपल्याला अजून हवी आहे? सांगणारा नोकरी सोडून गेलेला. शेवटी ठरतं, "जुनं आहे तेच राहू दे." आणि जुन्याबरोबर जुनी भोकंही राहतात. २०१४ सालच्या एप्रिलात 'हार्टब्लीड' उघडकीला आलं. जगभरच्या कुलपांत २०१२ पासून असलेलं भोक, आणि उपाय म्हणजे लांबी तपासणाऱ्या मोजक्या ओळी! पण ज्याच्या कुलपावर चाळीस बेनामी ठिगळं, तो त्या मोजक्या ओळी लावायलाही घाबरणार.

आमच्या आजीच्या गोधडीत ठिगळं काही कमी नव्हती. पण कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवा, हे लुगडं कुणाचं, कधी फाटलं आणि इथंच का लावलं, हे ती सांगायची. प्रोग्रॅमरांनाही हे कळतं. ठिगळं रांगेनं सांभाळणाऱ्या एका अवजाराचं नावच 'क्विल्ट', म्हणजे गोधडी, आहे. बिल्डरूटचा नियमही आजीचाच: प्रत्येक चिठ्ठीवर कारण हवं, सही हवी आणि ती उगमाकडे पाठवली की नाही, हे लिहिलेलं हवं.

याला काही शहाणे कारकुनी म्हणतात. "वेळ कुणाला आहे?" अहो, चार ओळी लिहायला पाच मिनिटं नाहीत आणि पुढे चार दिवस डोकं खाजवायला आहेत? "वरचे ऐकत नाहीत," हा दुसरा आक्षेप. तो कधी कधी खराही असतो. काही ठिगळं केवळ आपल्याच यंत्रापुरती असतात. मग तसंच लिहा. बेवारशी ठेवू नका. बाकीची मात्र वर पाठवाच. एकदा उगमात मिसळलेली दुरुस्ती पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर पाटाच्या पाण्यासारखी आपोआप खाली येते. आपली चिठ्ठी खुशाल फाडून टाकावी. ठिगळं सांभाळण्याची खरी विद्या म्हणजे ठिगळं कमी करण्याची विद्या.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं लोक विचारतात. माझं म्हणणं, कुठंही लावा. फक्त कोपऱ्यात लिहून ठेवा, कुणी लावलं, कधी लावलं आणि तिथून काय गळत होतं!