घोड्याची कावीळ: गव्हाण तपासा, आधीचे इंजेक्शनही आठवा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. अशा हंगामात भिजलेल्या मक्याला भाव मिळत नाही आणि तो जनावरांच्या गव्हाणीत जातो. गाय-म्हैस मक्यावरील फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष बऱ्याच अंशी सोसते, घोडा सोसत नाही. अकलूजच्या बाजारातून घोडा आणणाऱ्यांनी आणि तट्टू बाळगणाऱ्या मेंढपाळांनी हे ध्यानात ठेवावे.

लक्षणे: घोडा अचानक खाणे सोडतो, सुस्त होतो. डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी गडद होते. यकृत निकामी झाले की विष मेंदूपर्यंत पोचते. घोडा भिंतीला डोके टेकवतो, गोल फिरतो. सर्रा, गोचीडताप आणि रेबीजमध्येही यातली काही लक्षणे दिसतात. म्हणून तोंडात हात घालू नका, ढोसून औषध पाजू नका.

संभाव्य कारणे

- बुरशी: फ्युमोनिसिन, अफ्लाटॉक्सिन. मका उन्हात वाळवला तरी तयार झालेले विष जात नाही.
- वनस्पती: घाणेरी, खुळखुळा. खुळखुळ्याचे विष हळूहळू साठते. लक्षणे मात्र एकाएकी दिसतात.
- सीरम: हे कारण सहसा लक्षात येत नाही. जखमेनंतर दिले जाणारे धनुर्वाताचे अँटिटॉक्सिन घोड्याच्याच रक्तापासून बनते. सीरम टोचलेल्या घोड्यांतील हा आजार थायलर यांनी १९१८ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत नोंदवला. अमेरिकेत असाच एक घोडा दगावला; त्याच्या शरीरात आणि त्याला दिलेल्या अँटिटॉक्सिनमध्ये एकच पार्व्होव्हायरस सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार साधारण ४ ते १० आठवड्यांनी दिसतो, तोवर मालक इंजेक्शन विसरलेला असतो.

याचा अर्थ अँटिटॉक्सिन नाकारा असा नाही. लस न झालेल्या जखमी घोड्याला धनुर्वाताचा धोका कितीतरी मोठा असतो. त्यापेक्षा टॉक्सॉइड लस आधीच वेळेवर टोचून घ्या, म्हणजे अँटिटॉक्सिनची गरज सहसा पडणार नाही.

काय करावे? संशय येताच जुना खुराक बंद करा, त्याचा नमुना राखून ठेवा. घोडा सावलीत बांधा, पाणी समोर ठेवा आणि १९६२ वर फोन करा. पशुवैद्यकांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: महिनाभरात काय खाल्ले आणि तीन महिन्यांत काय टोचले. विस्तार कार्यकर्त्यांनीही नोंद करताना हेच दोन प्रश्न विचारावेत.