लेकरू कडेवर, मग शिष्यवृत्ती कुणाच्या उत्पन्नावर?

पाटण : बारावी झाली, लग्न झालं, वर्ष-दोन वर्षांत मूलही झालं. आता पुन्हा कॉलेज करायचंय. ढेबेवाडी असो, तारळे असो की कोयना भाग, अशी सून-लेक आपल्याकडे नवीन नाही. ती शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला गेली की पहिलाच प्रश्न येतो : उत्पन्नाचा दाखला वडिलांचा जोडायचा की नवऱ्याचा?

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीत याचं उत्तर आहे. मुलगी विवाहित असेल आणि कमवत नसेल, तर नवऱ्याचं उत्पन्न धरायचं. अनुसूचित जातीसाठी मर्यादा अडीच लाख रुपये. नियम सरळ दिसतो. पण नवरा मुंबईत माथाडी असेल, तर त्याच पैशात खोलीभाडं, गावाकडचे आईवडील आणि लेकराचं दूध-औषध भागवायचं असतं. दाखल्यावर कमाई दिसते, खाणारी तोंडं दिसत नाहीत.

दुसरी अडचण बाळंतपणाची. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. जुलै २०२४ मध्ये ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच. पण शाहू योजनेत आधीच्या सत्राला ५० टक्के हजेरी लागते आणि शिकताना दोन वर्षांचा खंड चालत नाही. बाळंतीण मुलगी ही हजेरी आणणार कुठून? मुलगा बाप झाला तर त्याची हजेरी बुडत नाही. कागदावर नियम दोघांना सारखा, पण भुर्दंड एकटीला.

‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपयेही २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची शिकणारी आई तिथेही बाहेर.

काही जण म्हणतील, अशी मदत दिली तर कमी वयातल्या लग्नांना बळ मिळेल. ही काळजी खरी आहे. पण २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सज्ञान नवरदेवाला आणि लग्न लावणाऱ्यांना दोषी धरतो. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मुलगी त्यात गुन्हेगार नाही. मग तिची शिष्यवृत्ती तोडून शिक्षा कुणाला होते? लग्न थांबत नाही, शिक्षण मात्र थांबतं.

यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्येच विद्यापीठांना कळवलंय, की विद्यार्थिनींना बाळंतपणासाठी रजा, हजेरीत सूट आणि परीक्षा फॉर्मला वाढीव मुदत देण्याचे नियम करा. ही सूट शिष्यवृत्तीच्या हजेरीलाही लागू व्हायला हवी. बाळंतपणाचा काळ खंड धरू नये आणि उत्पन्न मोजताना लेकरूही मोजावं. शासनाकडे मागणी हीच असायला हवी.

तोवर घरच्यांनी एवढं करावं : सुट्टी लागायच्या आधीच डॉक्टरांचा दाखला जोडून प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज करावा लागतो, तो चुकवू नका. आणि कोणी तोंडी ‘बसत नाही’ म्हटलं, तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा.